बोरीचा कायदा

आमच्या सरांची गोष्ट आजही बरेच लोक सांगतात, आणि चुकीची सांगतात. चुकीची सांगतात, कारण त्यांना ती मी सांगितली.

परवा एका लग्नात एक तरुण प्राध्यापक माझ्या शेजारी जेवायला बसले होते. वाढप्यानं वरण आणेपर्यंत त्यांनी मला ती ऐकवली. म्हणाले, "तुमच्या वर्ध्याला म्हणे एक प्रोफेसर होते. विद्यापीठाच्या लोकांना बोरीचं झाड दाखवायला घेऊन गेले. म्हणे, माझ्या पोरांनी महिनाभर एकही नियम मोडलेला नाही. जाऊन बघतात तर झाडावर एक बोर नाही! आणि हा माणूस झाडाखाली बसून पोट धरून हसतोय! वेडाच होता म्हणतात. काही लोक तर म्हणतात तिथं झाडच नव्हतं."

मी भाताचा घास तसाच हातात धरून बसलो. "झाडच नव्हतं" हे नवीन होतं. बाकीचं सगळं माझं होतं, अगदी "पोट धरून" सुद्धा.

घरी आल्यावर मी जामच्या गजाला फोन लावला. गजा माझा वर्गमित्र. शिकून त्यानं जामच्या चौफुलीवर हॉटेल टाकलं आणि आमच्या बॅचमध्ये सगळ्यात सुखी तोच झाला. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "लेका, आता तरी लिही. मेल्यावर लिहिशील का?"

म्हणून लिहितोय.

सर आमच्या कॉलेजात बँकिंग शिकवायचे. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तास बँकेत सुरू व्हायचा आणि विहिरीत संपायचा. ठेव म्हणजे काय, हे सांगता सांगता ते भूगर्भातल्या पाण्यावर येत, तिथून गायरानावर, गायरानावरून कारंज्याकडच्या सागवानावर, आणि घंटा झाली की दचकून म्हणत, "अरे, चेक राहिला! चेक उद्या." चेक वर्षभर राहिला. आमच्या परीक्षेत गजानं मध्यवर्ती बँकेच्या कार्यावर लिहिताना 'उन्हाळ्यात ती कोरडी पडल्यास बादली तळाला आपटते' असं वाक्य लिहिलं होतं. तो पास झाला. परीक्षकांनाही पटलं असावं.

ते मूळचे आमच्याच भागातले, शेतकऱ्याच्या घरातले; बाहेर शिकून आलेले. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, पण मुद्दा रंगला की वऱ्हाडी बाहेर यायची. आम्ही त्याची वाटच बघायचो. सरांनी "म्हणजे असं बघा" म्हटलं की आम्ही पेंगत असायचो. "आता हे काऊन होते, सांगा बरं!" असा 'का'चा 'काऊन' झाला की सगळा वर्ग ताठ बसायचा. आता काहीतरी मजेचं येणार हे ठरलेलं.

ज्या विषयाचा त्यांना ध्यास होता त्याला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. आता त्याच्या पदव्या मिळतात म्हणे. सर त्याला 'फुकटाचं अर्थशास्त्र' म्हणायचे. हवा, पाणी, सावली, चराई, रानातलं लाकूड. ज्याला कोणी किंमत लावत नाही त्याचं शेवटी काय होतं, हा त्यांचा प्रश्न. ते दिसेल त्याला विचारायचे, "याची किंमत काय?" खानावळीत पाण्याचा पेला समोर धरून विचारायचे. खानावळवाला बिचारा घाबरून म्हणायचा, "सर, पाण्याचे कधी पैसे घेतले का जी मी?"

"नाही घेतले ना! तेच चुकलं," असं म्हणून सर पाणी पिऊन टाकायचे.

नालवाडीला त्यांचं घर होतं. तिथून सायकलनं कॉलेजला यायचा सरळ रस्ता सोडून ते नागमोडी यायचे. आमच्याकडचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याला हे कळेल. लोक डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून, जीव मुठीत धरून रस्ता कापतात. सरांनी मात्र सावलीचा नकाशा काढला होता. कोणत्या वेळी कोणता कडुनिंब रस्त्यावर किती सावली टाकतो, ते त्यांना पाठ होतं. त्या सावलीतून त्या सावलीत असं करत ते येत. जाताना सूर्य दुसरीकडे गेलेला, म्हणून जायचा रस्ता वेगळा. एकदा वाटेतली एक चिंच कोणीतरी तोडली, तर सर तासाला उशिरा आले आणि हजेरीच्या आधी म्हणाले, "आज माझं नुकसान झालेलं आहे. मला भरपाई कोणाकडे मागायची, ते सांगा." आम्ही हसलो. त्यांनी उत्तराची वाट बघितली. पूर्ण तास त्यावरच गेला, आणि चेक पुन्हा राहिला.

त्यांच्या मुलाच्या बोरन्हाणाला आम्हा काही पोरांना बोलावणं होतं. आमच्याकडे त्याला लूटच म्हणतात. संक्रांतीनंतर लहान लेकराला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि आजूबाजूच्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. सरांनी पोरांना रांगेत उभं केलं. म्हणाले, "एकेकानं यायचं. एक मूठ घ्यायची. मागच्यासाठी राखायचं." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पदरानं तोंड दाबत म्हणाल्या, "अहो, लूट म्हणतात याला! लुटीची रांग कुठं असते का?" पण पोरं खरंच रांगेत उभी राहिली हो! पहिल्यानं एक मूठ घेतली. दुसऱ्यानं घेतली. सरांचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. तेवढ्यात पाटावरचा उत्सवमूर्तीच खाली उतरला आणि दोन्ही हातांनी बोरं ओढायला लागला. मग जे झालं ते नेहमीसारखंच झालं. सर भिंतीला टेकून म्हणाले, "पाहिलं का? पोट्टे थांबले होते. ज्याच्यासाठी होतं त्यानंच मोडलं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

आता झाड. होय, झाड होतं. कॉलेजच्या मैदानाच्या टोकाला, आमच्या आणि शेवंता आजीच्या शेताच्या हद्दीवर गावरान बोरीचं जुनं झाड होतं. हद्द नेमकी कुठून जाते यावर कॉलेजचं आणि आजीचं भांडण चालू होतं, त्यामुळे झाड कोणाचंच नव्हतं आणि सगळ्यांचं होतं. दरवर्षी बोरं पिकायच्या आधीच दगड मारून, झोडपून हिरवी पाडली जायची. पिकलेलं बोर त्या झाडावर कोणी पाहिलेलंच नव्हतं.

सर आम्हाला झाडाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "ही आपली प्रयोगशाळा. पुस्तकं म्हणतात, जे सगळ्यांचं ते टिकत नाही. एक तर त्याला मालक द्या, नाहीतर शिपाई उभा करा. मी म्हणतो, तुम्ही आपसात कायदा करा. बघू टिकते का नाई."

आजी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ओरडली, "माह्या बोरीले कायचा कायदा, बाप्पा?"

"आजी, झाड हद्दीवर हाय. अर्धी सावली तुमची, अर्धी आमची."

"सावली सगळी ठेवा तुमाले. बोरं मले द्या!"

बरीच घासाघीस होऊन तिच्या बाजूच्या फांद्या तिला सुटल्या आणि तिनं काठीनं झोडपायचं नाही असं ठरलं. तिनं काठी खाली ठेवली, पण नजर नाही.

आमचा कायदा फळ्यावर लिहिला गेला. दगड मारायचा नाही. झाड हलवायचं नाही. हिरवं तोडायचं नाही. हातानंच तोडायचं आणि स्वतःसाठी दिवसाला एक मूठ. शेंड्याची बोरं पाखरांची. मोडेल त्याला शिक्षा काय, यावर खूप वाद झाला. शेवटी गजानं सुचवलं ते एकमतानं मंजूर झालं: मोडेल त्यानं सरांचं एक जादा लेक्चर एकट्यानं ऐकायचं. सरांनीही हात वर केला होता.

हातानंच का, हे सरांनी समजावलं. "बोरीला काटा का असतो? काटा ही किंमत आहे. हात ओरबाडून घेतल्याशिवाय बोर मिळत नाही. म्हणून माणूस किती घेतो? जेवढं त्याले पायजे तेवढंच. दगड मारला की किंमत चुकवायची राहून जाते. मंग हात थांबत नाई."

कायद्याला राखणदार हवा म्हणून एक पद निघालं, बोरमंत्री. देशात निवडणुकीची हवा होती, तेव्हा आम्हीही निवडणूक घेतली. भाषणं झाली. मी निवडून आलो. गजा पडला आणि पुढे दोन दिवस विरोधी पक्ष म्हणून हिंडला. आमचा जिल्हा थोड्याच दिवसांपूर्वी मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. त्यावरून सरांनी माझ्या शपथविधीला भाषण केलं, "राजधानी बदलली, कायदे बदलले, साहेब बदलले. बोरीले कोणी काही सांगितलं नाई, ती आपली तिथंच हाय." आजीनं धुऱ्यावरून टाळ्या वाजवल्या.

आणि खरं सांगतो, तो कायदा टिकला. पहिले काही दिवस मी पहारा दिला, नंतर गरजच पडली नाही. पोरं येत, एक मूठ तोडत, बोटं चोखत जात. दुसऱ्या वर्गाची पोरं दगड घेऊन आली तर आमचीच पोरं त्यांना फळ्यापाशी नेऊन कायदा वाचायला लावत. बोरं पिवळी झाली, मग तांबडी झाली. झाड असं लगडलं की फांद्या वाकल्या. वास मैदानापर्यंत यायचा. सर मधल्या सुट्टीत झाडाखाली येऊन नुसते उभे राहायचे, कोटाच्या खिशात हात घालून. काही तोडायचे नाहीत. आनंदानं त्यांची चप्पल जागच्या जागी हलत असायची.

यावरूनच त्यांनी विद्यापीठाला लिहिलं. निसर्गातल्या संपत्तीचं अर्थशास्त्र म्हणून एक ऐच्छिक पेपर सुरू करावा; माझ्याकडे अभ्यासक्रम तयार आहे; आणि माझ्याकडे पुरावा आहे, येऊन बघा. नवल म्हणजे विद्यापीठानं दोन सभासद पाठवायचं ठरवलं. त्या पेपरसाठी सर कितीतरी वर्षं थांबले होते. मंजूर झाला तर बँकिंगमधून सुटका, आणि त्यांचा बिननावाचा विषय पहिल्यांदा वेळापत्रकात लिहिला जाणार.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी मला बोलावलं. माझी फी त्यांच्या सहीनं माफ झाली होती, त्यामुळे त्यांची असली कामं माझ्याकडे असत. म्हणाले, "चहाचं बघ रे. नुसता चहा बरा दिसत नाही. बरोबर काहीतरी ठेव."

कपाटात बिस्किटं होती, पण ती सादळलेली. मी विचारात पडलो. मी आंजीचा, खेड्यातल्या घरातला. आमच्या आईच्या हिशेबात पाहुण्याला नुसता चहा देणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. आणि हे पाहुणे तर बोरीसाठीच नागपूरहून येत होते. त्यांच्यापुढे बोरं ठेवायची नाहीत तर काय सादळलेली बिस्किटं ठेवायची? मी टोपली घेतली आणि निघालो.

एका मुठीनं टोपलीचं बूडही झाकलं नाही. मी आणखी तोडली. हातावर ओरखडे उठत होते, पण मला सरांचं काम करत असल्याचा अभिमान वाटत होता. तेवढ्यात गजा आला.

"काऊन बे मंत्री? एक मूठ ना?"

"पाहुण्यांसाठी आहेत."

"पाहुणे कायद्यात कोठी लिहिले हायेत?"

"नाहीत ना. म्हणूनच त्यांना कायदा लागत नाही."

गजानं क्षणभर विचार केला. "मंग मीबी पाहुण्यांसाठीच तोडतो," असं म्हणून तो थेट झाडावर चढला.

मागून आणखी दोघं आले. मग चौघं. मंत्रीच टोपली भरून राह्यला म्हटल्यावर कायदा उठला असंच सगळ्यांना वाटलं. गजाच्या वजनानं फांदी हलली आणि बोरांचा सडा पडला. कोणीतरी ओरडलं, "लूट!"

त्या एका शब्दासरशी सगळा वर्ग बोरन्हाणातल्या लेकरांसारखा झाला. महिनाभर थांबलेली पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. खिसे भरले, टोप्या भरल्या, जागा उरली नाही तेव्हा तोंडं भरली. मी "अरे थांबा, थांबा!" म्हणत होतो आणि ते म्हणता म्हणता टोपली भरत होतो. आजी काठी घेऊन धावत आली. "अवं माय! सोन्यासारके पोट्टे, काय झालं बाप्पा तुमाले?" असं म्हणत तिनं कपाळावर हात मारला, काठी टाकली, पदर पसरला आणि आमच्यात शिरली.

पाखरांची शेंड्यावरची बोरंसुद्धा गजानं सोडली नाहीत.

मी टोपली धुऊन-पुसून प्राचार्यांच्या खोलीत नेली. सर वर्गात तक्ते टांगत होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पाहुणे दोन होते. एक जाडे, एक सडपातळ, चष्मेवाले. जाड्यांनी एक बोर तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! ही कुठली?"

प्राचार्य म्हणाले, "मुद्दाम आंजीहून मागवली."

मी तिथंच उभा होतो, हात पाठीमागे घेऊन.

मग ते खातच गेले. चहा गार झाला. चष्मेवाल्यांनी उरलेली रुमालात बांधून घेतली, नातवंडांसाठी. इतकी गोड बोरं आपण खाल्ली नाहीत असं म्हणाले.

त्यानंतर सर आले आणि मोठ्या उत्साहानं सगळ्यांना मैदानातून झाडाकडे घेऊन निघाले. वाटेत ते उलटे चालत होते, पाहुण्यांकडे तोंड करून, हातवारे करत. म्हणून झाड त्यांना सगळ्यात शेवटी दिसलं.

झाड म्हणजे पानं आणि काटे. खाली तुटलेल्या डहाळ्या. आणि बाजूला आमचा वर्ग ओळीनं उभा, सगळ्यांचे गाल फुगलेले. जाड्या पाहुण्यांनी एकाला विचारलं, "नाव काय तुझं?" त्याला उत्तर देता येईना. त्यानं आधी आठळी थुंकली, मग नाव सांगितलं.

"प्रोफेसर, बोरं कुठे आहेत?" जाडे म्हणाले.

सरांनी एक तुटलेली डहाळी उचलून बघितली.

चष्मेवाले मात्र भले गृहस्थ होते. त्यांनी सरांचा प्रस्ताव नीट वाचला होता. त्यांनी विचारलं, "यांच्यात बोरमंत्री कोण?" सगळी तोंडं माझ्याकडे वळली. ते जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. मला एवढंच सांग. तुम्ही खरंच हे झाड राखलं होतं का? आज सकाळपर्यंत याच्यावर बोरं होती का?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग सकाळी गेली कुठे. आणि प्राचार्य माझ्याकडे बघत होते. आंजीहून मागवलेली बोरं त्या गृहस्थांच्या हातातल्या रुमालात होती, आणि माझी फी त्या बघण्यात होती.

मी म्हटलं, "लक्षात नाही, साहेब."

त्यांनी रुमाल दुसऱ्या हातात घेतला. मग वळले.

तेव्हा सरांचं लक्ष त्या रुमालाकडे गेलं. गाठीतून एक तांबडं बोर डोकावत होतं. आपल्या झाडाचं बोर सरांनी अंधारातही ओळखलं असतं. त्यांनी रुमालाकडे बघितलं, माझ्या पाठीमागे लपवलेल्या हातांकडे बघितलं, पुन्हा रुमालाकडे बघितलं. आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ते झाडाच्या बुंध्याला धरून खाली बसले. पाहुणे एकमेकांकडे बघत मोटारीकडे गेले. प्राचार्य त्यांच्यामागे धावले.

मी सांगत आलो ती गोष्ट इथं संपते. टाळी इथंच मिळते. पण खरं पुढे आहे.

मोटार गेल्यावर सर उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे. त्यांनी माझे दोन्ही हात वर धरून वर्गाला दाखवले, जसा वर्गात नकाशा धरतात तसे.

"वर्षभर हे तुमाले समजावून राह्यलो मी, आणि तुमी झोपून राह्यले! आता पाहा. काटे कोणाले लागले? याले. बोरं खाल्ली कोणं? साहेबांनं. टोपलीत काटा येते का?"

"नाई!" सगळा वर्ग ओरडला.

"म्हणून साहेबांचा हात थांबला नाई! नागपूरच्या चुलीत लाकडाचा कोळसा जळते, तिथं सागवान पडताना दिसते का? बाजारात येते ते सगळं बिनकाट्याचं येते. किंमत एकजण देते, खाते दुसरा. आणि हा मंत्री काही चोर नाई. पाहुण्यासाठी तोडली यानं. जे झाड चोरापासून राखता आलं, ते पाहुण्यापासून राखता नाई आलं. हे मलेच सुचलं नव्हतं!"

हे शेवटचं वाक्य ते इतक्या आनंदानं म्हणाले की आम्हीही हसायला लागलो. आजी पदरातली बोरं सांभाळत हसत होती. तो तास कधी संपला कोणाला कळलं नाही. एवढं चांगलं शिकवताना मी पुढे कोणालाच ऐकलं नाही, आणि मी स्वतः आयुष्यभर शिकवलं. वर्गात परतल्यावर सरांनी फळ्यावरच्या कायद्याखाली एक ओळ वाढवली: पाहुण्यांना झाडाखाली आणावे, त्यांनी आपल्या हाताने तोडावे.

शिक्षा म्हणून माझं जादा लेक्चर झालं. ते त्यांनी चेकवर दिलं. एकदाचा चेक शिकवला गेला.

पेपर मंजूर झाला नाही. विद्यार्थ्यांनीच झाड लुटल्यामुळे प्राध्यापकांचं म्हणणं सिद्ध होत नाही, अशा अर्थाचं काहीतरी आलं. प्राचार्यांनी हद्दीला तारेचं कुंपण घातलं, त्यात झाड आजीच्या बाजूला गेलं. पुढच्या हिवाळ्यापासून ती कॉलेजच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची आणि आम्हालाच ती बोरं विकायची. "घ्या, मंत्री!" असं मला मुद्दाम ओरडून म्हणायची. सर निवृत्त होईपर्यंत बँकिंग शिकवत राहिले.

आणि मी ती गोष्ट सांगत राहिलो. शिक्षकांच्या बैठकीत, लग्नात, सहलीत. सरांचं हसणं मला हुबेहूब जमायचं. टोपली मी गाळली. चष्मेवाल्यांचा प्रश्न गाळला. सरांचा तो तास गाळला. राहिलं एक वेडा माणूस आणि एक रिकामं झाड. लोक लोळायचे हसून.

एकदा जामला, गजाच्या हॉटेलात, बसची वाट बघत मी ती बरोबरच्या मास्तरांना सांगत होतो. बाकावर बसून, बुंधा धरल्यासारखा खांब धरून, तसंच हसून दाखवत होतो. सगळे हसले, आणि मागच्या बाकावरून एक हसणं जास्त वेळ चालू राहिलं. मी वळून बघितलं. सर होते. हातात बशी, खांद्यावर दुपट्टा, फार वाळलेले.

"बरं जमते तुले," ते म्हणाले. "माह्यापेक्षा जोरात हसतं तू."

मी खांब सोडला. गजा गल्ल्यावरून उठून उभा राहिला.

"सर, त्या दिवशी मी..."

"मले काऊन सांगून राह्यला? मले माहीत हाय ना!" बशीतला चहा त्यांनी संपवला. "मी तुले विचारलंच नव्हतं. ज्यानं विचारलं, त्याले सांगजो."

तेवढ्यात बस आली. सर दारात उभे राहून कंडक्टरला विचारत होते, हिंगणघाटाकडे जाताना ऊन कोणत्या बाजूनं येईल. कंडक्टरनं घंटी वाजवली. सरांनी आकाशाकडे बघितलं, डावीकडची खिडकी धरली आणि मला हात केला. नंतर ते मला भेटले नाहीत.

चष्मेवाल्या साहेबांना मी शोधायला निघालो तेव्हा फार उशीर झाला होता. नागपूरला त्यांच्या घरी गेलो, तर फोटोला हार होता. त्यांच्या नातवानं पाणी दिलं. त्या रुमालातली बोरं कदाचित त्यानंच खाल्ली असतील. त्याला काय सांगणार, म्हणून उठलो.

तर साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. हो, आम्ही ते झाड राखलं होतं. त्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्यावर बोरं होती. फांद्या वाकल्या होत्या.

तुम्ही खाल्लीत ना, तीच.